विजेची मोटार आणि मागची चाकं

सस्पेन्शनला मराठी प्रतिशब्द शोधायला गेलं की ‘निलंबन’ हाती लागतं आणि डोळ्यांपुढे मोटारीऐवजी खातेचौकशी चालू असलेला कारकून उभा राहतो. गॅरेजमधल्या माणसांनी हा प्रश्न केव्हाच निकालात काढला आहे. ते पाटे म्हणतात, स्प्रिंग म्हणतात, शॉकअप म्हणतात, बुश म्हणतात. ह्या लेखात मीही त्यांचीच भाषा वापरणार आहे.

बैलगाडीत चाक आणि साटा यांच्यामध्ये कण्याखेरीज काही नसतं. वाटेतला दगड थेट बसणाऱ्याच्या मणक्याला कळतो. टांग्याला पोलादी पाटे आले तेव्हा दगडाचा धक्का बराचसा गिळला गेला, पण त्याबरोबर एक नवी भानगड सुरू झाली. चाक आता गाडीपासून वेगळं, वरखाली हलू लागलं. वर जाताना ते झुकेल का, किंचित आत किंवा बाहेर वळेल का, हे कुणीतरी ठरवायला हवं. धक्का गिळणं ही सस्पेन्शनची निम्मी विद्या, आणि त्यातल्या त्यात सोपी. चाकाने हलताना कोणती वाट धरावी हे ठरवणं ही उरलेली निम्मी. घोड्याच्या वेगाला तिची फारशी गरज पडली नाही, मोटारीला पडली.

पुढच्या चाकांचं निदान आपल्याला कळतं, कारण त्यांच्याशी आपले हात स्टिअरिंगने जोडलेले असतात. मागची चाकं आपल्याला दिसत नाहीत, हाताला जाणवत नाहीत. पण गाडी सरळ राहते ती मुख्यतः त्यांच्यामुळे. वळणावर पुढच्या चाकांची पकड आधी सुटली तर गाडी वळायला नकार देते आणि बाहेरच्या बाजूला सरळ जाऊ लागते. चालक घाबरून पाय उचलतो, वेग उतरतो, पकड बहुधा परत मिळते. मागच्यांची आधी सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते आणि तिला सावरायला लागणारं कसब सामान्य चालकाकडे नसतं. म्हणून रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक मोटार कारखान्यातूनच अशी घडवलेली असते, की आधी हरतील ती पुढची चाकं. हौशी माणसाला हीच गोष्ट कंटाळवाणी वाटते. ‘हँडलिंग सुधारायचं’ असं तो म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला हा समतोल थोडा मागे सरकवायचा असतो, मग त्याला ते माहीत असो वा नसो.

हा उद्योग घरच्या घरी करण्याची परंपरा अमेरिकेत जुनी आहे आणि आज तिचा एक आवडता विषय आहे टेस्लाची मॉडेल ३. ही गाडी २०१७ पासून ग्राहकांच्या हाती पडू लागली. प्रकारानुसार तिचं वजन साधारण १,६०० ते १,८५० किलो. त्यातले लांब पल्ल्याच्या गाडीत सुमारे ४८० किलो एकट्या बॅटरीचे. ही बॅटरी फरशीखाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये, गादीसारखी पसरलेली असते. वजन जास्त हा तोटा, पण ते खाली आहे हा मोठा फायदा. त्याचा हिशेब सोपा आहे. १,७५० किलोची गाडी गुरुत्वाकर्षणाच्या आठ-दशांश जोराने वळण घेते आहे आणि तिच्या डाव्या-उजव्या चाकांमध्ये १.६ मीटर अंतर आहे असं धरा. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर असेल तर वळणाच्या आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ४८० किलोंचा भार सरकतो. तोच मध्य ४६ सेंटिमीटरवर आणला तर ४०० किलो. टायरचा एक स्वभाव इथे महत्त्वाचा: त्याच्यावर दुप्पट भार टाकला म्हणून तो दुप्पट पकड देत नाही, त्याहून कमी देतो. एका चाकावर लादलेला जादा भार जेवढी पकड मिळवून देतो, त्याहून अधिक पकड दुसऱ्या बाजूचं हलकं झालेलं चाक गमावतं. म्हणजे भार जितका कमी सरकेल तितकी गाडी एकूण जास्त चिकटून राहते. विजेच्या मोटारीला हे वरदान जन्मतः मिळालेलं आहे.

मॉडेल ३ च्या प्रत्येक मागच्या चाकाला पाच दांड्यांनी धरलेलं असतं. एकेक दांडा एकेक दिशेची मुभा काढून घेतो आणि शेवटी चाकाला फक्त ठरलेल्या वाटेने वरखाली जाता येतं. ह्यातला एखादा दांडा काही मिलिमीटर लांब-आखूड केला की चाकाची बैठक बदलते. बैठकीची दोन मापं महत्त्वाची. समोरून पाहिल्यावर चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती झुकला आहे तो कॅम्बर. वरून पाहिल्यावर दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळली आहेत तो टो. कारखान्यातून आलेल्या ह्या गाडीत मागचा टो थोडाफार बदलता येतो; कॅम्बर बदलायची सोय नाही. मालक आखूड स्प्रिंगा बसवून गाडी खाली बसवतो, तेव्हा चाकांचे माथे आपसूक आत झुकतात आणि ते पुन्हा उभे करायला मार्ग उरत नाही. मग लांबी बदलता येणारे दांडे विकत घेतले जातात. मागच्या बाजूच्या घरगुती सुधारणेची सुरुवात बहुतेकदा इथून होते.

टायरची आतली कड झिजली की सगळे कॅम्बरला दोष देतात. माझ्या मते खरा चोर बऱ्याचदा टो असतो. पाव अंश ही नजरेला न दिसणारी चूक आहे. पण चाक पाव अंश तिरकं धरून गाडी एक किलोमीटर चालवली तर ते चाक तेवढ्यात सुमारे ४.४ मीटर आडवं घासलं जातं. हजार किलोमीटरला ४.४ किलोमीटर. झुकलेला माथा ही घासट आतल्या कडेवर गोळा करतो आणि बदनाम होतो. कॅम्बरचा दांडा बदलला की टोही हलतो, म्हणून एकाला हात लावून दुसऱ्याला न मोजणं म्हणजे अर्धं काम.

मोजायला लाखांचं यंत्र लागतंच असं नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, गाडीच्या मध्यरेषेला समांतर दोन दोऱ्या ताणायच्या आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीने घ्यायचं. अठरा इंची रिमवर एक मिलिमीटरचा फरक म्हणजे अंशाचा आठवा भाग. गवंड्याचा ओळंबा आणि दोरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ह्यात नवल वाटू नये. अट एवढीच, की जमीन खरोखर सपाट हवी आणि मोजण्याआधी गाडी थोडी पुढेमागे ढकलून चाकांना बसू द्यायला हवं. तरीही शेवटची तपासणी यंत्रावर करून घेतलेली बरी.

काम प्रत्यक्ष सुरू होतं ते गाडी उचलण्यापासून, आणि विजेच्या मोटारीचा पहिला धोका इथेच आहे. जॅक लावायच्या चार जागा बॅटरीच्या कडेने ठरवून दिलेल्या असतात. जॅक थोडा आत सरकला तर तो बॅटरीच्या पेटीलाच भिडतो. अमेरिकेतले हौशी लोक ह्यासाठी आइस हॉकीच्या खेळातली रबरी चकती जॅकच्या डोक्यावर ठेवतात. चकतीचा हा उपयोग मला त्या खेळापेक्षा जास्त समजतो. गाडी उचलल्यावर तिला जॅकवर लटकती न ठेवता पक्क्या स्टँडवर टेकवायची, हा नियम मात्र पेट्रोलच्या गाडीइतकाच इथेही. जॅकवरच्या गाडीखाली शिरणं म्हणजे तेलाच्या एका रबरी रिंगवर जीव सोपवणं.

त्यापुढची खुबी रबरी बुशची. प्रत्येक दांड्याच्या टोकाला लोखंडी नळीत रबर चिकटवलेलं असतं. दांडा हलतो तेव्हा हे रबर घसरत नाही, पिळलं जातं. आता गाडी अधांतरी असताना चाक खाली लोंबतं. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर रबराला वाटतं हीच आपली विश्रांतीची जागा. गाडी खाली घेतली की ते कायमचं पिळलेलं राहतं, गाडी थोडी उंच उभी राहते आणि काही महिन्यांत रबर फाटतं. म्हणून बोल्ट आधी सैल ठेवायचे, चाकाला खालून टेकू देऊन ते रस्त्यावरच्या उंचीला आणायचं आणि मग टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराला आवळायचे. टेस्लाने आपल्या दुरुस्तीच्या पुस्तिका मोफत खुल्या केलेल्या आहेत. आवळण्याचे आकडे त्यात मिळतात. पान्ह्याच्या अंदाजाने आवळणारे वस्ताद असतात, पण ॲल्युमिनियमच्या दांड्यांना वस्तादगिरी सोसत नाही.

काही जण रबरच काढून टाकतात आणि त्या जागी कठीण पॉलियुरेथेन किंवा पोलादी गोल सांधे बसवतात. कारण पटण्यासारखं आहे. विजेच्या मोटारीचा जोर पाय टाकताक्षणी चाकावर येतो, रबर दबतं आणि त्या क्षणी चाकाची बैठक जराशी हलते. पण कारखान्यातल्या अभियंत्यांनी रबराचं हे दबणं हिशेबात धरलेलं असतं. कुठलं रबर मऊ, कुठलं टणक, हे ठरवून ते चाकाला जोराखाली सुरक्षित बाजूला वळवतात. सगळंच कठीण केलं की ती योजना पुसली जाते. शिवाय इंजिनाचा आवाज नसलेल्या गाडीत रस्त्याची प्रत्येक खरखर आत ऐकू येते.

आता सगळ्यात लोकप्रिय सुधारणा: मागचा जाडजूड अँटी-रोल बार. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा हा पोलादी दांडा गाडीचं एका बाजूला कलणं कमी करतो. गाडी कमी कलते, चटकन वळते, मालक खूश होतो. पण सरकणारा एकूण भार ह्या दांड्याने कमी झालेला नसतो. तो फक्त पुढच्या जोडीकडून मागच्या जोडीकडे वळवलेला असतो. मागची बाहेरची चाकं जास्त दाबली जातात, आतली हलकी होतात आणि वर सांगितलेल्या टायरच्या स्वभावानुसार मागची एकूण पकड घटते. गाडी उत्सुकतेने वळते, कारण तिची मागची बाजू सुटायला आता अधिक राजी आहे. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर हा सौदा वाजवी असू शकतो. पावसात नाही.

हे वाक्य मी इतक्या ठामपणे लिहितो ते एका जुन्या गाडीमुळे. जनरल मोटर्सची शेव्हरोले कॉर्व्हेर १९६० सालची, इंजिन मागे. तिच्या मागच्या चाकांचे अर्धे कणे फक्त गिअरबॉक्सच्या बाजूने वळत, त्यामुळे जोराच्या वळणावर मागचा भाग वर उचलला जाई आणि चाक पोटाखाली दुमडे. पुढचा अँटी-रोल बार खर्च वाचवण्यासाठी गाळला होता. उपाय म्हणून मालकाने पुढच्या टायरांत १५ आणि मागच्यांत २६ पौंड हवा ठेवावी अशी सूचना होती. म्हणजे गाडीची सुरक्षितता पेट्रोल पंपावरच्या हवा भरणाऱ्या पोराच्या हाती. राल्फ नेडर यांच्या १९६५ च्या ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ ह्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण ह्याच गाडीवर आहे. पुढे १९७२ मध्ये अमेरिकी सरकारच्या रस्तासुरक्षा यंत्रणेने, ही गाडी तिच्या समकालीन गाड्यांपेक्षा जास्त बेकाबू होत नव्हती, असा निष्कर्ष काढला. वाद अजून मिटलेला नाही.

मला त्यातला घरगुती भाग जास्त मोलाचा वाटतो. अशाच मागच्या कण्यांच्या बीटलसाठी कॅलिफोर्नियातली एम्पी ही कंपनी एक आडवा पाटा विकत असे. तो गिअरबॉक्सखाली मध्यावर टेकवून दोन्ही टोकं दोन चाकांना जोडायची, की चाकं एकदम खाली दुमडायला विरोध होई. मात्र मध्यावर तो झुलू शकत असल्याने गाडीच्या कलण्याला तो अडवत नसे. अँटी-रोल बारच्या अगदी उलट वागणूक. कॉर्व्हेरवरही असे पाटे लोकांनी बसवले. १९६४ च्या गाडीत कंपनीने स्वतःच मागे आडवा पाटा आणि पुढे अँटी-रोल बार दिला, १९६५ मध्ये मागचं सस्पेन्शनच बदललं. आणि ह्या सुधारलेल्या कॉर्व्हेरमध्ये सिल्व्हर-झिंक बॅटऱ्या भरून जनरल मोटर्सने १९६६ मध्ये ‘इलेक्ट्रोव्हेर २’ ही प्रायोगिक विजेची मोटार केली. ती बाजारात आली नाही.

कॉर्व्हेरच्या मालकाला एक अडचण नव्हती ती आजच्याला आहे. विजेच्या मोटारीत पाय उचलला की मोटर उलट जनित्र होते आणि चाकांना ब्रेक लावते. मोटर फक्त मागे असेल तर हा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. वळणाच्या मध्यावर, ओल्या रस्त्यावर, घाबरून पाय उचललेल्या चालकासाठी मागची पकड नेमकी तेव्हाच खर्च होते. गाडीचा संगणक हे सावरतो, पण त्याला शिकवलेली गाडी मूळ स्प्रिंगांची आणि मूळ बारची असते. म्हणून मागे काही कडक करायचंच असेल तर पुढेही त्या प्रमाणात करावं आणि सगळ्यांच्या आधी टायर चांगले घ्यावेत, असं मी म्हणेन. टायरवरचा खर्च फोटोत दिसत नाही, हीच त्याची अडचण.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. रांजणगावात तयार होणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या विजेच्या अवतारात मागे ट्विस्ट बीम आहे: दोन बाहू आणि त्यांना जोडणारा, पिळला जाणारा आडवा तुळईवजा भाग. तो स्वस्त, दणकट, आणि अँटी-रोल बारचं काम स्वतःच करतो. घरी बदलण्यासारखं त्यात फारसं नाही. शॉकअप, स्प्रिंग, बुश, संपलं. मागे मोटर बसवायची तर ह्या तुळईला जागा उरत नाही. डिझेलच्या हॅरियरला मागे असा पिळणारा भाग होता; २०२५ च्या विजेच्या हॅरियरला अनेक दांड्यांचं स्वतंत्र सस्पेन्शन आलं.

कायद्याचंही बघायला हवं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला हे दाखवावं लागतं. आपल्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करायला मनाई करतं आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. झिजलेला शॉकअप त्याच मापाच्या नव्याने बदलणं वेगळं, गाडी दोन इंच खाली बसवणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून पहिल्यांदा काय बघेल, ह्याचा विचार पान्हा हातात घेण्याआधीच केलेला बरा.