होडी कोणत्या कामामुळे अडते?

उत्तनजवळच्या पाली या मच्छीमार गावात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. २०२४ साली राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी होती. त्या मुदतीत होडी पुन्हा सज्ज करणे हा एक प्रकल्पच होय.

समजा, फळ्या बदलायला १२ दिवस, मग फटी बुजवायला ५ आणि रंगाला ४ दिवस लागतात. ही कामे एकापाठोपाठच होतात. एकूण २१ दिवस. जाळ्यांच्या दुरुस्तीला १५ दिवस लागतात, पण ती त्याच काळात दुसरे हात करतात. हाती २१ दिवसच असतील, तर जाळ्यांना ६ दिवस उशीर चालेल. सुताराचा मात्र एक दिवस चुकला, तरी कमाईचा एक दिवस बुडेल. अशा सर्वांत लांब साखळीला ‘निर्णायक मार्ग’ म्हणतात. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत ही पद्धत गणिताने मांडली गेली.

हा हिशेब कामावरच अंगवळणी पडतो. म्हणून विज्ञान प्रदर्शनाची तयारी विद्यार्थ्यांवर सोपवावी. कामे, दिवस व क्रम त्यांनी फळ्यावर मांडावेत आणि कोणते काम अडले तर सारेच अडेल, हे स्वतः शोधावे.