लॉनवर पिवळे चट्टे पडलेत? पाण्याचा पाइप उचलण्याआधी हे वाचा

आठवडाभर संततधार, मग दोन दिवस कडक ऊन, पुन्हा पाऊस. अशा हवेत हिरव्यागार लॉनवर अचानक ताटलीएवढा पिवळट चट्टा उमटतो. चार दिवसांत त्याची परात होते. अशा वेळी बहुतेक जण दोन गोष्टी करतात: संध्याकाळी पाइप लावून भरपूर पाणी देतात आणि वरून मूठभर युरिया फेकतात.

चट्टा बुरशीचा असेल, तर हे दोन्ही उपाय म्हणजे आगीत तेल. कसं, ते समजून घेऊ.

बुरशी येते कुठून?

बुरशी बाहेरून येतेच असं नाही. ती मातीत आणि वाळलेल्या पाल्यात बारा महिने असते. त्यातल्या बहुतेक बुरशा उपयोगीच असतात, त्या पालापाचोळा कुजवून खत करतात. रोग पडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: रोग करणारी बुरशी, तिला बळी पडणारं गवत आणि पोषक हवामान. यातली एक जरी नसेल, तरी रोग पडत नाही.

हवामानात सर्वांत महत्त्वाचं काय? पान किती तास ओलं राहतं ते. पानावर पडलेला बीजाणू रुजायला त्याला ओलावा लागतो. सकाळी दिलेलं पाणी उन्हाने दोन-तीन तासांत वाळतं. संध्याकाळी दिलेलं पाणी मात्र रात्रभर पानावर राहतं, त्यात पहाटेचं दव मिसळतं. म्हणजे बुरशीला आयते बारा-चौदा तास मिळतात.

आधी खात्री करा: बुरशीच आहे का?

प्रत्येक पिवळा चट्टा रोगाचा नसतो. तीन सोप्या तपासण्या करा.

पहिली, तहान. चट्ट्यात स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. तो सहज आत जात नसेल आणि माती कोरडी ठणठणीत असेल, तर गवताला खरंच पाणी हवंय. तहानलेल्या गवतावरून चाललं की पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात.

दुसरी, हुमणी. गवत मुठीत धरून वर ओढा. सतरंजीसारखं उचललं गेलं, तर खालची मुळं कुरतडलेली आहेत. दोन-तीन इंच माती उकरा, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली अळी सापडेल. तिच्यावर बुरशीनाशकाचा काहीही उपयोग नाही.

तिसरी, कुत्रा. मध्ये जळलेलं गवत आणि भोवती गडद हिरवी कड असेल, तर ते बहुधा कुत्र्याच्या मूत्राचं काम. त्यातल्या नत्राने मधलं गवत जळतं आणि कडेच्या गवताला खत मिळतं.

या तिन्ही शक्यता बाद झाल्या, तर बुरशीकडे वळा.

कोणता रोग कसा ओळखायचा?

ब्राउन पॅच : गोलसर, तपकिरी-पिवळे चट्टे. आकार वीतभरापासून मीटरभरापर्यंत. कडेचं पान ओढलं की बुडापासून अलगद निसटतं आणि बुडाशी तपकिरी कुज दिसते. रायझोक्टोनिया नावाच्या बुरशीमुळे तो होतो. दमट हवा, उबदार रात्री आणि नत्राचा जास्त डोस तिच्या पथ्यावर पडतो. म्हणूनच इथे युरिया घातक ठरतो.

डॉलर स्पॉट : गवताच्या वाळक्या काडीसारख्या फिकट रंगाचे छोटे गोल ठिपके, सुमारे पाच सेंटिमीटरचे. अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या डॉलरएवढे, म्हणून हे नाव. पानावर मध्ये फिकट आणि कडेला लालसर तपकिरी डाग दिसतो. पहाटे दव असताना कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसू शकतात. हा रोग उपाशी, म्हणजे नत्र कमी पडलेल्या गवतावर जास्त येतो. ब्राउन पॅचच्या अगदी उलट.

तांबेरा : लॉनवरून चालल्यावर चपलेला किंवा पांढऱ्या मोज्याला नारिंगी भुकटी लागली, तर दुसरी शंका नको. गव्हावर पडतो त्याच जातकुळीचा हा रोग. सावलीतल्या, वाढ खुंटलेल्या गवतावर तो दिसतो.

पिथियम : सर्वांत वेगवान. उष्ण, दमट हवेत आणि पाणी साचलेल्या जागी गवत काळपट, चिकट होऊन एक-दोन दिवसांत झोपतं. पाणी वाहतं त्या दिशेने पट्टे पडतात. सकाळी कापसासारखी बुरशी दिसते.

छत्र्या आणि गडद हिरवं कडं : पावसानंतर अर्धगोलात किंवा गोलात छत्र्या उगवतात. मातीत गाडलेलं लाकूड, जुनी मुळं, बांधकामाच्या फळ्या कुजवणाऱ्या बुरशीचं हे काम. पश्चिम युरोपात ही पऱ्यांच्या नाचाची जागा मानत. ती बुरशीची वाढ आहे, हे इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वोलॅस्टन यांनी 1807 मध्ये मांडलं. गवताला बहुधा फारसा धोका नसतो, पण माणसांना असू शकतो. लॉनवर उगवणाऱ्या काही छत्र्या विषारी असतात आणि दिसायला खाण्याच्या अळंबीसारख्याच. लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील, तर हातमोजे घालून त्या रोज काढून टाका. चवीपुरत्याही खाऊ नका.

रोग येऊच नये म्हणून

• पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर द्या. रोज शिडकावा नको. माती खोलवर भिजेल इतकं द्या आणि वरचा थर सुकला की मगच पुन्हा. पावसाळ्यात टायमरवरचे स्प्रिंकलर बंद ठेवा.

• एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. मशीनचं पातं धारदार हवं. बोथट पातं पान फाडतं आणि त्या जखमेतून बुरशी शिरते. ओलं गवत कापू नका, वाफसा येऊ द्या. रोगट भाग सर्वांत शेवटी कापा आणि मग पातं धुऊन वाळवा.

• ऐन पावसात युरियाचा मारा टाळा. खत थोडं थोडं, विभागून द्या.

• मेलेल्या मुळाखोडांचा थर माती आणि हिरव्या पानांच्या मध्ये साठतो. तो सेंटिमीटरभराहून जाड झाला की पाणी धरून ठेवतो. दाताळ्याने विंचरून काढा. माती घट्ट झाली असेल, तर काट्याने भोकं पाडा.

• पाणी साचतं तिथे उतार आणि निचरा सुधारा. झाडांच्या खालच्या फांद्या छाटून ऊन-वारा येऊ द्या. दिवसभर ऊनच येत नसेल, तर तिथे लॉनचा हट्ट सोडून सावलीत वाढणारी झाडं लावणं शहाणपणाचं.

औषध मारायचं का?

पाणी, कापणी आणि खत सुधारलं की सौम्य रोग बहुतेक वेळा आटोक्यात येतो. मेलेलं पान बुरशीनाशकाने हिरवं होत नाही. औषध फक्त निरोगी गवताचं रक्षण करतं, नवी पानं फुटायला वेळ लागतोच.

दुसरं म्हणजे, रोग न ओळखता आणलेलं औषध वाया जाऊ शकतं. शेतीत सर्रास वापरलं जाणारं कार्बेंडाझिम पिथियमवर चालत नाही, कारण पिथियम ही खरी बुरशी नाहीच. ती पाण्यातल्या शेवाळांच्या जवळच्या गटातली आहे. तिच्यासाठी मेटालॅक्झिलसारखं वेगळं औषध लागतं. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वापरायची असेल, तर ती रोग पडण्याआधी, शेणखतात मिसळून द्या. तिच्यासोबत रासायनिक बुरशीनाशक दिलंत, तर तीच मरू शकते.

शंका असेल, तर निरोगी आणि रोगट भागाच्या सीमेवरचा मातीसकट तुकडा कापून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवा. पूर्ण मेलेल्या मधल्या भागात रोगाचा माग लागणं कठीण जातं.

आणखी एक. आपल्याकडे अनेक लॉन हरळीचे असतात आणि हरळी म्हणजेच दुर्वा. रोगाचा जोर आणि गणपतीचे दिवस साधारण एकाच काळात येतात. फवारणी केली असेल, तर त्या लॉनवरच्या दुर्वा खुडू नका. लेबलवर सांगितलेल्या मुदतीपर्यंत मुलांना आणि प्राण्यांनाही तिथे जाऊ देऊ नका.

तोवर उद्या सकाळी एवढंच करा: पाइप बाजूला ठेवा, चट्ट्याच्या कडेला बसा आणि एक पान ओढून बघा.