अंगणातली हिरवळ : पोलादाच्या गावात प्लास्टिकची वकिली

घट्ट झालेली जमीन टोचून मुळांना हवा कशी द्यायची, ते आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या रविवारी. मधल्या काळात भिलाईच्या सेक्टर २ मधून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि माझ्या जिव्हाळ्याचा विषय आयताच समोर आला.

क्वार्टरपुढच्या गवताला त्या मुठीने युरिया टाकतात. कुठे गवत जळतं, कुठे पिवळंच राहतं. म्हणून खत पसरायचा स्प्रेडर घ्यायचा आहे, पण घरात एकमत नाही. "मामंजी प्लांटमधून रिटायर झालेले. ते म्हणतात, लोखंडाचा असेल तरच घरात आणा, प्लास्टिकचं खेळणं नको. भाऊ, टिकेल असा कोणता, तुम्हीच सांगा."

मामंजींशी वाद जपूनच घालायला हवा. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, ते हे गाव. आज इथून रेल्वेसाठी २६० मीटर लांबीचे रूळ बाहेर पडतात. अशा ठिकाणी नोकरी केलेल्या माणसाने पोलादावर विश्वास ठेवला तर नवल नाही.

पण मामंजींना हेही ठाऊक असेल की त्याच कारखान्याच्या कोक ओव्हनमधून आणखी एक माल निघतो. कोळसा भाजताना सुटणाऱ्या वायूत अमोनिया असतो. तो सल्फ्युरिक आम्लात धरला की अमोनियम सल्फेटचे खडे तयार होतात. खत म्हणून उत्तम : नत्र सुमारे २१ टक्के, शिवाय गंधक. मात्र ओल लागली की त्याचं पाणी आम्लधर्मी होतं, आणि ते लोखंडाला सोडत नाही. म्हणजे पोलाद आणि पोलाद खाणारं खत, दोन्ही एकाच फाटकातून बाहेर पडतात!

त्यासाठी पाऊसच पडायला हवा असंही नाही. तापमान ३० अंश असताना हवेतली आर्द्रता साधारण ७३ टक्क्यांच्या वर गेली की युरिया आपणहून पाणी ओढायला लागतो. अमोनियम सल्फेट ७९ च्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये भिलाईची हवा कित्येक दिवस याच्या वरच असते. संध्याकाळी डब्याच्या कोपऱ्यात चिमूटभर खत राहिलं, तर सकाळी तिथे खारट पाणी साचलेलं असतं. रंग दिलेल्या पत्र्यावर एक ओरखडा पडला की तेवढ्या फटीतून गंज आत शिरतो आणि रंगाखालून पसरत जातो. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा जस्ताचा थरही या पाण्यापुढे फार दिवस तग धरत नाही.

स्टेनलेस? चांगलंच. ते भिलाईत होत नाही. स्टील अथॉरिटीच्याच तमिळनाडूतल्या सेलम कारखान्यात होतं. मामंजी दुकानात खिशातून चुंबक काढतील, "चिकटत नाही, म्हणजे अस्सल" म्हणतील. तिथे सावध राहा. ३०४ प्रतीच्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण निकल कमी असलेल्या स्वस्त २०० मालिकेतल्या स्टेनलेसलाही सहसा चिकटत नाही, आणि खताच्या पाण्यात त्याला तांबेरा लवकर चढतो.

तेव्हा डबा प्लास्टिकचाच घ्यावा. जाड, आणि ऊन सोसणारा. भिलाईच्या मे महिन्यात साधं प्लास्टिक उघड्यावर राहिलं तर ठिसूळ होतं. घेताना काठ अंगठ्याने वाकवून बघा. पांढरी रेघ उमटली तर तो डबा जागेवर ठेवून द्या.

खरं सांगायचं तर डबा फुटून निकामी झालेले स्प्रेडर मी फार थोडे पाहिले. मरतात ते गिअर. बाजारात दोन जातींचे स्प्रेडर मिळतात. एक खत फोकणारा : डब्याखाली चकती गरगर फिरते आणि दाणे चार-सहा फूट उडवते. दुसरा खाली सोडणारा, चाड्यातून बी सोडणाऱ्या तिफणीचा शहरी भाऊ. फोकणाऱ्यात चाकाची गती चकतीपर्यंत पोचवायला दातेरी गिअर लागतात. ते उघडे असले की खताची भुकटी वंगणात कालवली जाते आणि त्या चिखलाने दाते झिजतात. सोडणाऱ्यात बहुधा गिअरच नसतात. चाकांच्या आसालाच ढवळणारी दांडी जोडलेली असते. जे नाही ते मोडणार कसं?

शिवाय क्वार्टरपुढची जागा ती केवढी. दहा मीटर बाय पाच मीटरचं लॉन धरा. चौरस मीटरला पाच ग्रॅम नत्र म्हटलं तर ४६ टक्क्यांचा युरिया एका वेळी अर्धा किलोच्या जरा वर लागतो. एवढ्यासाठी खत फोकलं तर त्यातलं बरंच सिमेंटच्या वाटेवर, नालीत नाहीतर शेजाऱ्यांच्या भाजीवर जायचं. (आणि ४५ किलोची अख्खी गोणी आणू नका. दोन पावसाळ्यांत तिचा दगड होईल.)

तर माझा कौल असा : दोन चाकांचा, खाली सोडणारा, दीड-दोन फूट रुंदीचा, डबा प्लास्टिकचा, आस आणि तळाची झडप स्टेनलेसची. जोडणी रिव्हेटने नव्हे, स्क्रूने केलेली हवी, म्हणजे खोलता येईल. मामंजींचा हट्ट आसापुरता पुरवावा. शेणखत किंवा ओलं गांडूळखत यात घालू नका, तळाची भोकं बुजतात. ते चाळून हातानेच टाकावं.

काम झालं की उरलेलं खत काढून घ्या, यंत्र लॉनवरच धुवा, झडप उघडी ठेवून उन्हात पालथं घाला. हे दर वेळी करणार असाल तर स्वस्तातलाही पुष्कळ वर्षं चालेल. करणार नसाल तर महागातला घेऊन पैसे घालवू नका.

पुढच्या रविवारपर्यंत एवढं करा : लॉनला पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी एक स्क्रू-ड्रायव्हर जमिनीत दाबा आणि तो किती बोटं आत जातो ते लिहून ठेवा. जमीन टोचायची की नाही, हे त्यावरूनच ठरवू.