राख, मीठ आणि सळई

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. जेमतेम दीड दशक वापरात असलेल्या या पुलाच्या काँक्रीटमधल्या ताणलेल्या तारा खाऱ्या हवेनं गंजल्या होत्या. खानदेशापासून समुद्र लांब. पण जी राख मिसळल्यानं सिमेंट लोखंडाला मिठापासून अधिक वाचवतं, तिचे ढीग तेव्हा खानदेशातच, भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात साचतच होते.

१९९७मध्ये जळगावजवळ नशिराबादला ओरिएंट सिमेंटचं दळण केंद्र आलं. क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होणारे भाजलेले खडे, कंपनीच्या देवापूरच्या कारखान्यातला; दीपनगरची राख त्याच परिसरातली. १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेनं राखेच्या वापराला बळ दिलं आणि १५ ते ३५ टक्के राखेचं सिमेंट घरोघरच्या स्लॅबमध्ये गेलं.

काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे सळईवर संरक्षक थर धरतो. मिठातलं क्लोराइड तो फोडतं. मग गंज फुगतो, काँक्रीट तडकतं, पोपडे सुटतात. राख सिमेंटमधल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून छिद्रं बारीक करते, त्यामुळे मिठाची वाट अवघड होते. मात्र ही क्रिया संथ असते आणि तिला ओल लागते. शिवाय चुना खर्च झाल्यानं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून ही अल्कली वाचवण्याची ताकद घटते.

खानदेशात मीठ शिरतं ते बोअरच्या मचूळ पाण्यातून. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. राखेच्या सिमेंटला किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस पाणी मारा, असंही सांगतं. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात चार दिवसांत पाणी थांबवलं, तर राखेचा गुण वाया जातो.

२०२३मध्ये भाजलेली चिकणमाती आणि चुनखडीच्या सिमेंटचं मानक आलं. त्यात क्लिंकर निम्म्यावर येऊ शकतो आणि क्लोराइड अडवण्यात चाचण्यांत ते सरस ठरलं. पण त्याचं प्रत्यक्ष बांधकामातलं वय अजून कोवळं आहे.

राखेच्या सिमेंटचं तसं नाही. जळगाव-धुळ्यात त्याचे पंचवीस वर्षांचे स्लॅब उभे आहेत. इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी त्यांचे नमुने काढावेत, क्लोराइड मोजावं, फिनॉल्फ्थॅलिन शिंपडून अल्कली कुठवर टिकली ते पाहावं. सळईभोवती गुलाबी रंग उमटला नाही, तर तिथली अल्कली संपली असं समजून दुरुस्ती वेळेत करता येईल. नव्या सिमेंटचा निर्णय या पुराव्यावर व्हायला हवा.