दुर्जनांची भरभराट कां होते?

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, म्हणजे एक तक्रार आमच्या कानांवर हटकून येते. "अमक्यानें नक्कल केली, तरी तो वर चढला, आम्ही रात्रीचा दिवस केला, तरी मागें राहिलों. मग देव पाहतो तरी काय?" वडील मंडळींचा प्रश्नही हाच असतो, फक्त त्यांचीं उदाहरणें मोठीं असतात. खोटें माप वापरणाऱ्याच्या घरावर माडी चढते आणि सचोटीच्या माणसाच्या दारीं आजार व कर्ज येऊन बसतें, हें कसें?

हा प्रश्न आजचा नव्हे. यहुदी लोकांनीं तो अडीच हजारांहून अधिक वर्षें मनांत बाळगिला आहे. त्यांच्या ज्ञात्यांनीं त्याचा विचार कसा केला, तें आज आम्ही बालवाचकांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवूं इच्छितों. हे लोक आपणांस अगदींच परके नव्हेत. कोंकणांतील बेने इस्राएल लोकांची मातृभाषा मराठीच. शनिवारीं ते तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. १९४८ नंतर त्यांपैकीं पुष्कळजण इस्राएल देशांत जाऊन राहिले.

प्रथम ध्यानांत ठेवण्याची गोष्ट ही, कीं असा प्रश्न विचारणें यहुदी शास्त्रांत पाप मानलेलें नाहीं. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम नगर उद्ध्वस्त केलें. त्या काळचा यिर्मया संदेष्टा आधीं देवाचें न्यायीपण कबूल करितो आणि लगेच त्याच्याशींच वाद मांडतो, कीं दुष्टांचें सुरळीत कां चालतें? ७३ वें स्तोत्र आसाफाच्या नांवावर आहे. दुर्जनांचें सुख पाहून आपल्याला हेवा वाटला आणि आपला पाय घसरण्याच्या बेतांत होता, असें त्याचा कर्ता मोकळेपणानें सांगतो. ईयोबाची कथा तर प्रसिद्धच आहे. त्याचे मित्र त्याला समजावूं लागले, कीं तुझ्या हातून कांहीं पाप घडलें असलें पाहिजे. परंतु ग्रंथाच्या शेवटीं देवाचा कोप होतो तो प्रश्न विचारणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर सोपें उत्तर देणाऱ्या त्या मित्रांवर!

पुढें रब्बी म्हणजे धर्मगुरु यांनीं जो विचार केला, तो मुख्यत्वें तालमूद या विस्तीर्ण ग्रंथांत सांठविलेला आहे. त्यांत एक हृदयद्रावक कथा आहे. एका बापानें मुलाला इमारतीवर चढून घरट्यांतील पिलें आणावयास सांगितलें. मुलानें पित्याची आज्ञा पाळली आणि शास्त्राप्रमाणें मादीला आधीं उडवून लावून मगच पिलें घेतलीं. मातापित्यांचा मान राखणें आणि पक्षिणीला सोडून देणें, या दोन्ही आज्ञांना शास्त्रांत दीर्घायुष्याचें वचन जोडलेलें आहे. तरी तो मुलगा खालीं उतरतांना पडून मेला. एका परंपरेप्रमाणें एलीशा बेन अबूया या मोठ्या पंडितानें अशीच घटना पाहिली आणि त्याची श्रद्धा कायमची ढळली. त्याच्याच मुलीचा मुलगा रब्बी याकोब यानें मात्र निराळा अर्थ लाविला: तें दीर्घायुष्य या जगांतलें नव्हे, परलोकांतलें.

याच विचाराला धरून कित्येक रब्बींनीं सांगितलें, कीं दुर्जनाच्या हातून जें थोडें सत्कर्म घडतें त्याचें फळ त्याला येथेंच चुकतें करण्यांत येतें, आणि सज्जनाचे किरकोळ दोष येथेंच फिटतात. उदाहरणच द्यावयाचें, तर सावकार लहान येणें-देणें रोखीनें भागवितो व मोठा हिशेब वहींत ठेवितो, तसें हें आहे. जो फक्त रोकड पाहतो, त्याला वहींतली शिल्लक कशी कळणार?

दुसरें उत्तर असें, कीं देव दुर्जनाला अवधि देतो तो पश्चात्तापासाठीं. यहुदी लोकांच्या प्रायश्चित्ताच्या दिवशीं, योम किप्पूरला, दुपारच्या प्रार्थनेच्या वेळीं योनाचा ग्रंथ वाचितात. निनवे नगराच्या लोकांनीं आपले कुमार्ग सोडले, तेव्हां देवानें त्यांना क्षमा केली; रुसला तो योनाच. तालमुदांतील एक कथाही याच अर्थाची आहे. रब्बी मेईर यांच्या शेजारीं कांहीं गुंड राहत व त्यांना फार त्रास देत. ते मरावेत अशी मेईर यांनीं प्रार्थना केली. तेव्हां त्यांची विदुषी पत्नी बेरूरिया म्हणाली, कीं पापी नाहींसे होवोत असें न मागतां पाप नाहींसें होवो असें मागावें. मेईर यांनीं तसें केलें आणि ते लोक सुधारले.

बाराव्या शतकांतील तत्त्वज्ञ मैमोनिदेस (११३८–१२०४) यांनीं बुद्धीच्या मार्गानें विचार केला. जगांतील दुःखें तीन प्रकारचीं, असें ते सांगतात: निसर्गापासून होणारीं, माणसांनीं एकमेकांना दिलेलीं आणि माणसानें स्वतःवर ओढवून घेतलेलीं. त्यांत पहिलीं थोडीं, दुसरीं त्यांहून अधिक आणि तिसरीं सर्वांत अधिक. हें लिहिणाऱ्याला दुःख ठाऊक नव्हतें असें मात्र कोणी समजूं नये. त्यांचा धाकटा भाऊ दावीद व्यापारासाठीं निघाला असतां हिंदी महासागरांत बुडून मेला. त्या धक्क्यानें आपण जवळजवळ वर्षभर अंथरुणास खिळलों होतों, असें त्यांनीं पुढें एका पत्रांत लिहिलें आहे.

या सर्व उत्तरांनीं मनाचें पूर्ण समाधान होतें काय? यहुदी परंपरा स्वतःच तसा दावा करीत नाहीं. मोशेनेंही हाच प्रश्न देवाला विचारिला, परंतु त्याला याचें उत्तर मिळालें नाहीं, असें रब्बी मेईर यांचें मत होतें. रब्बी यन्नाई यांनीं तर स्पष्टच सांगितलें, कीं दुर्जनांचें स्वास्थ्य व सज्जनांचे क्लेश यांचा उलगडा आपल्या हातीं नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत नाझी सत्तेनें सुमारें साठ लाख यहुदी ठार मारिले. त्यांत लाखों निरपराध बालकें होतीं. त्यानंतर "हें पापाचें फळ" असें म्हणणें पुष्कळ विचारवंतांना असह्य वाटलें. एलिएझर बर्कोविट्स या रब्बींनीं १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत लिहिलें, कीं माणूस स्वतंत्र राहावा म्हणून देव आपलें मुख झांकून घेतो. प्रत्येक दुष्ट हात त्यानें वरच्यावर धरला, तर स्वखुषीनें चांगला होण्यासही माणसाला वाव उरणार नाहीं.

मग आपण यांतून काय घ्यावें? आम्हांस तालमुदांतील एक नियम फार मोलाचा वाटतो. कोणावर आजार आला किंवा कोणाचें मूल दगावलें, तर ईयोबाच्या मित्रांप्रमाणें "तुझ्याच पापाचें हें फळ" असें त्याला बोलूं नये. तें बोलणें म्हणजे शब्दांनीं केलेला अन्याय होय. दुःखिताच्या दारीं कारणें घेऊन जाऊं नये. भाकरी व सोबत घेऊन जावें.

आणि नक्कल करून वर चढलेला तो सोबती? त्याचा हिशेब मांडण्याचें काम आपल्याकडे दिलेलें नाहीं. त्याचें वाईट चिंतण्यापेक्षां बेरूरियेप्रमाणें त्याची खोड जावी असें चिंतावें. आपण मात्र जें शिकलों तें खरोखर शिकलों कीं नाहीं, एवढें पाहावें. आपल्या उत्तरपत्रिकेवरील प्रत्येक अक्षर आपलें आहे, हें समाधान निकालाच्या यादींत छापलें जात नाहीं, पण तें कोणी हिरावूनही घेत नाहीं.