औषध पिकाचे, बाधा फवारणाऱ्याला

पावसाची झड लागली की सोयाबीनच्या पानांवर आणि शेंगांवर करपा दिसू लागतो. मग छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या शिवारांत फवारणीची घाई सुरू होते. शेतकरी पंपातल्या द्रावणाला ‘औषध’ म्हणतो, पण फवारणाऱ्याच्या शरीरासाठी ते विषच असते.

बुरशीनाशके तुलनेने सौम्य असतात. बहुतेकांच्या डब्यावर निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, तर जहाल विषांवर लाल किंवा पिवळा. मात्र मजुरी वाचवण्यासाठी त्याच पंपात अळीचे कीटकनाशकही मिसळले जाते आणि धोका तिथे वाढतो. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून अधिक दगावले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणे, जोरदार पंप आणि उघडे अंग ही कारणे तेव्हा पुढे आली.

पंपाचा हिशेबही समजून घ्यावा. पाठीवरच्या साध्या पंपाला हेक्टरी सुमारे 500 लिटर पाणी लागते, पेट्रोल पंपाला साधारण 200 लिटर. औषध तेवढेच राहत असल्याने द्रावण अडीच-तीनपट तीव्र होते. थेंबही बारीक असल्याने ते हवेत जास्त वेळ तरंगतात. साधा पंप गळका असला तर पाठ भिजते आणि विष कातडीतून शरीरात जाते. घामेजलेल्या अंगातून ते अधिक शोषले जाते.

म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि बूट हवेतच. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. तुंबलेल्या नोझलला तोंडाने फुंकर मारू नये. काम संपल्यावर साबणाने अंघोळ करावी आणि कपडे वेगळे धुवावेत.

मळमळ, घाम, तोंडाला लाळ, छातीत जडपणा, धूसर दिसणे किंवा स्नायू फडफडणे सुरू झाले, तर काम तिथेच थांबवावे. कपडे उतरवून अंग साबण-पाण्याने धुवावे. उलटी करवू नये, घरगुती उपायांत वेळ घालवू नये. तातडीने रुग्णालय गाठावे आणि पंपात जे जे मिसळले त्या प्रत्येकाचा डबा किंवा लेबल सोबत न्यावे. ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिनचा उतारा आहे, बहुतेक बुरशीनाशकांवर तसा खास उतारा नाही. नेमके काय फवारले हे कळले, तर योग्य उपचार लवकर सुरू होतात.