लायसन्स आहे, पण सही कोण करणार?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण होम डिलिव्हरीचा खर्च कसा काढायचा ते बघितलं. पेट्रोल, पगार, गाडीची झीज, सगळं मांडलं. एक गोष्ट मात्र मुद्दाम ब्लॉगसाठी ठेवली, कारण ती आकड्यांत बसत नाही. डिलिव्हरीला माणूस ठेवताना तुम्ही त्याचं नेमकं काय बघता?

मी लायसन्स बघायचो. बास.

तीन वर्षांपूर्वी सांगलीतल्या आमच्या हार्डवेअरच्या दुकानात १९ वर्षांचा एक पोरगा कामाला घेतला. लायसन्स होतं, हेल्मेट स्वतःचं, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी दुपारी स्कूटरवर पायापाशी २० लिटरचा पेंटचा डबा ठेवून मी त्याला साइटवर पाठवलं. भरलेला डबा २५ किलोच्या आसपास जातो. पाऊस नुकताच पडून गेला होता. वळणावर त्याने ब्रेक दाबला, गाडी घसरली आणि मनगटाचं हाड मोडलं.

दवाखान्याचं बिल मी भरलं, ते सोडा. दुसऱ्या दिवशी त्याची आई दुकानात आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, एवढं वजन घेऊन त्याला गाडी चालवता येते का, ते तुम्ही बघितलं होतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लेस्टरहून आलेला फोन

त्याच महिन्यात माझ्या मावसभावाचा इंग्लंडमधल्या लेस्टरहून फोन आला. गडी वैतागलेला. त्याला तिथे कामावर जायला १२५ सीसीची बाइक घ्यायची होती. आपलं भारतीय लायसन्स तिथे राहायला गेल्यापासून १२ महिने चालतं. त्याचं वर्ष उलटून गेलं होतं, म्हणून शिकाऊ लायसन्स काढावं लागलं. आणि शिकाऊ माणसाला तिथे बाइक रस्त्यावर काढायच्या आधी एक ट्रेनिंग सक्तीचं आहे. त्याला म्हणतात सीबीटी, म्हणजे कंपल्सरी बेसिक ट्रेनिंग.

"पंधरा वर्षं गाडी चालवतोय रे मी! तिथेही डावीकडूनच चालवतात. आणि त्या माणसाने मला सही दिली नाही!"

मला हसू आलं. मग मी विचारलं, सही का दिली नाही? त्याने जे सांगितलं, त्यावर माझ्या दुकानाचा एक नियम उभा राहिलाय.

सीबीटी म्हणजे नेमकं काय?

ब्रिटनमध्ये हे ट्रेनिंग डिसेंबर १९९० पासून सुरू आहे. १६ व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची मोपेड आणि १७ व्या वर्षी १२५ सीसीपर्यंतची बाइक शिकाऊ लायसन्सवर चालवता येते, पण आधी सीबीटी पूर्ण करायचं. त्याचे पाच टप्पे आहेत:

१. ओळख. लायसन्स तपासणं, हेल्मेट आणि कपड्यांबद्दल माहिती, नजरेची तपासणी. २० मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचून दाखवायची.
२. उभ्या गाडीची ओळख. ब्रेक, क्लच, टायर, स्टँड. इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत नेता येते का, हेही बघतात.
३. बंद मैदानात चालवणं. गिअर बदलणं, इंग्रजी आठचा आकडा काढणं, यू टर्न, अचानक ब्रेक.
४. रस्त्यावर जायच्या आधी बोलणं. नियम, वेग, पाऊस, दारू, समोरचा काय करेल याचा अंदाज.
५. प्रत्यक्ष रस्ता. किमान दोन तास. प्रशिक्षक मागून दुसऱ्या गाडीवर असतो आणि कानातल्या रेडिओवरून सूचना देतो.

मैदानात एका प्रशिक्षकाकडे जास्तीत जास्त चार जण, रस्त्यावर फक्त दोन. एक टप्पा नीट जमल्याशिवाय पुढचा नाही. सगळं पूर्ण झालं की सर्टिफिकेट, तेही दोन वर्षांपुरतंच. तेवढ्यात पुढच्या परीक्षा पास झाला नाहीत, तर पुन्हा सीबीटी. तोवर एल पाटी लावायची, मागे कुणाला बसवायचं नाही आणि मोटरवेवर जायचं नाही.

आता खरी गंमत ऐका. सीबीटी ही परीक्षा नाही. त्यात पास-नापास नसतं. पूर्ण झालं किंवा अजून झालं नाही, एवढंच.

माझ्या भावाचं काय राहिलं होतं? दोन गोष्टी. अचानक थांबायला सांगितलं की तो फक्त मागचा ब्रेक मारायचा, कारण "पुढचा मारला की गाडी उलटते" हे आपण लहानपणापासून ऐकलंय. आणि वळायच्या आधी तो आरशात बघायचा, पण मान वळवून खांद्यावरून मागे बघायचा नाही. त्या शेवटच्या नजरेला तिथले प्रशिक्षक लाइफसेव्हर म्हणतात. आरशात न दिसणारी गाडी त्या एका नजरेत दिसते. प्रशिक्षकाने त्याला सांगितलं, गाडी छान चालवतोस, पण आज रस्त्यावर नेणार नाही. पुन्हा ये.

"आज नाही" म्हणण्याची किंमत

मित्रांनो, आता धंद्याच्या नजरेने बघा. हे ट्रेनिंग सरकारी ऑफिसात होत नाही. मान्यता घेतलेल्या संस्था ते देतात, आणि त्यातल्या बऱ्याच छोट्या खाजगी स्कूल आहेत, आपल्यासारखेच धंदे. म्हणजे पैसे देणारा शिकाऊ आणि सही देणारा त्याच्याकडूनच पैसे घेणारा. ढिलाई करायचा मोह किती असेल! पटकन सही दिली तर गिऱ्हाईक खूश, चार लोकांना सांगेल, गर्दी वाढेल.

म्हणूनच तिथे माणसांची संख्या बांधून दिलीय, टप्प्यांचा क्रम ठरवलाय, आणि सरकारी खात्याचे तपासनीस न सांगता येऊन बघू शकतात. पण तपासनीस रोज येत नाही. रोजच्या रोज तो प्रशिक्षक एकटाच असतो आणि त्याला समोरच्या माणसाच्या तोंडावर "आज नाही" म्हणायचं असतं. सर्टिफिकेटला जी किंमत आहे ती त्या दोन शब्दांमुळे.

आपल्याकडे दुचाकीसाठी लर्निंग काढलं की ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते. मधल्या काळात अमुक तास शिकाच, अशी सक्ती नाही. कुणी काकाकडून शिकतं, कुणी मोकळ्या मैदानात मित्राच्या गाडीवर. म्हणजे लायसन्स एवढंच सांगतं की कायद्याने हा गाडी चालवू शकतो. पेंटचा डबा घेऊन ओल्या रस्त्यावर चालवू शकतो का, यावर सही कुणाची? माल तुमचा, गाडी तुमची, घाई तुमची. मग सही पण तुमचीच.

दुकानातली सीबीटी

मी एका वहीत पाच ओळी लिहिल्या. कागद आणि हेल्मेट. गाडीची तपासणी. मोकळ्या जागेत रिकामी गाडी आणि मग भरलेली गाडी, दोन्ही ब्रेक वापरून थांबणं. रस्ता समजावून सांगणं. शेवटी माझ्या जुन्या माणसासोबत दोन फेऱ्या, तो मागून दुसऱ्या गाडीवर. प्रत्येक ओळीपुढे तारीख आणि सही. पोराला शिकण्याच्या दिवसांचाही पगार. शिवाय इन्शुरन्स एजंटला स्पष्ट विचारून घेतलं की मालाच्या डिलिव्हरीला आपली पॉलिसी चालते का.

ऐकायला सोपं वाटतं ना? गेल्या दिवाळीत परीक्षा माझीच झाली. रंगाचा सीझन, ऑर्डर तुंबलेल्या, आणि नवीन आलेला पोरगा तिसऱ्या ओळीवर अडकला. भरलेल्या गाडीवर त्याचा तोल जात होता. हात सहीपर्यंत गेला होता, खोटं सांगत नाही. मग त्या आईचा प्रश्न आठवला.

मी म्हणालो, "आज नाही. उद्या सकाळी पुन्हा बघू."

त्या दिवशी माल टेम्पोने पाठवला. भाडं माझ्या खिशातून गेलं आणि दोन गिऱ्हाइकं उशिरामुळे चिडली. पोराला अपमान वाटला, तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. दुसरीकडे लागला असं कळलं. म्हणजे नुकसान झालं, सरळ हिशोब आहे. पण त्याच्यानंतर आलेला पोरगा चौथ्या दिवशी सही घेऊन बाहेर पडला, अजून आमच्याकडेच आहे आणि आता नव्या माणसांना तोच शिकवतो. परवा मी सहज विचारलं, काय रे, नवीन गड्याला सोडायचा का आज? म्हणाला, "नाही शेठ, मान वळवत नाही अजून."

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या धंद्यात असं कुठलं काम आहे जे नवीन माणूस पहिल्याच दिवशी करतो आणि चुकला तर इजा होऊ शकते? कटिंग मशीन असेल, गॅसची शेगडी असेल, शिडी असेल. त्याच्या पाच ओळी लिहून काढा. प्रत्येक ओळीपुढे सहीची जागा ठेवा. आणि पहिली सही करायच्या आधी स्वतःला एकच विचारा: गरज पडली तर मी "आज नाही" म्हणेन का?

उत्तर "हो" असेल तरच वहीला अर्थ आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत. गाडी जपून चालवा, आणि मान वळवून बघा!